मुलाच्या हातीं दिलेलें पिलूं

भाताची कापणी उरकून खळ्यावर झोडणी सुरू झाली म्हणजे कर्जत व खालापूर तालुक्यांतील गांवोगांवीं एक गोष्ट ठरल्याप्रमाणें घडते. गांवची कुत्री पेंढ्याच्या उडवीच्या आडोशास, नाहीं तर गोठ्यामागें गोवऱ्यांच्या ढिगाजवळ विते. थंडी पडूं लागतां लागतां चार-सहा पिलें खळ्यावर हुंदडूं लागतात, आणि शाळेंतून परतणारें एखादें मूल त्यांतील एक पिलूं सदऱ्याखालीं दडवून घरीं आणतें.

घरांतील वडील माणसें अशा वेळीं दोहोंपैकीं एक मार्ग धरितात. कोणी पिलूं हिसकावून पुन्हां उडवीपाशीं टाकून येतात. कोणी "असूं दे, पोराचा खेळ आहे," असें म्हणून हंसून सोडून देतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सारखेच चुकीचे होत. पहिल्यानें मुलाच्या मनांतील माया दुखावते, दुसऱ्यानें ती माया चार दिवसांत आटते, आणि पिलाचे हाल तर दोन्हीकडे ठरलेलेच. तिसरा मार्ग कष्टाचा आहे. पिलूं ठेवावयाचें तर त्याची काळजी मुलानें वाहावी, आणि मूल ती नीट वाहतें कीं नाहीं ही काळजी आपण वाहावी. हा तिसरा मार्ग कसा चालावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

कोणी म्हणेल, गाईबैलांच्या प्रश्नांपुढें कुत्र्याच्या पिलाचें एवढें काय? सातबाराच्या उताऱ्यावर विहिरीची नोंद सांपडते, झाडांची सांपडते. कुत्र्याची कोठेंच सांपडत नाहीं. आमची उमेद महसुलाच्या दप्तरांत गेली, परंतु कुत्र्यापायीं कोणी अर्ज केल्याचें आम्हांस आठवत नाहीं. तथापि सरकारास तो अगदींच अपरिचित आहे असें नव्हे. १९१९ सालीं आरंभ झालेल्या पशुगणनेंत आतां गाईम्हशींबरोबर कुत्र्यांचीही मोजदाद होते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेंतही त्यांना स्थान मिळालें. शेतकऱ्यास तर त्याचें मोल सांगावयास नको. भातामागून केलेल्या वालांत रात्रीं शिरणारीं रानडुकरें, परसांतील भाजी ओरबाडणारीं वानरें, खळ्यावरील राशीवर डोळा ठेवणारा भुरटा चोर, यांची पहिली वर्दी देणारा राखणदार तोच.

आपल्या धर्मपरंपरेनेंही त्यास दूर लोटलेलें नाहीं. दत्तात्रेयांच्या पायांशीं चार कुत्रे असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, आणि पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणारे नामदेव महाराज घरोघरच्या आजीबाईंस ठाऊक आहेत. आपल्याच जिल्ह्यांतील रायगडावर वाघ्या कुत्र्याचें स्मारक १९३६ सालीं उभें राहिलें. त्या कथेस समकालीन कागदांचा आधार नाहीं म्हणून त्यावर वादही पुष्कळ झाले. तो वाद इतिहासज्ञांनीं मिटवावा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या जिल्ह्यांत दगडी कुत्र्यासाठीं माणसें हिरिरीनें भांडतात, त्या जिल्ह्यांतील जिवंत कुत्र्यास निदान वेळेवर पाणी मिळावें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मुलास पहिला धडा द्यावयाचा तो वाट पाहण्याचा. पिलूं जन्मतें तेव्हां त्यास दिसत नाहीं व ऐकूंही येत नाहीं. १० ते १४ दिवसांनीं त्याचे डोळे उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दांत दिसूं लागतात. आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीं त्यास आईपासून तोडूं नये. आईच्या दुधानें त्याचें रोगांपासून रक्षण होतें हें तर आहेच; परंतु भावंडांशीं दंगामस्ती करतांना आपला चावा दुसऱ्यास कितपत दुखवितो हेंही तें त्याच दिवसांत शिकतें. फार लवकर उचलून आणलेलें पिलूं पुढें चावरें निघतें, याचें एक कारण हेंच होय. म्हणून मुलास सांगावें कीं, पिलूं मनांत ठरवून ठेव, पण तूर्त त्याच्या आईची सेवा कर. रोज तिला भाकरी व पाणी नेऊन देणें, हीच पिलाची पहिली चाकरी. मात्र ओली कुत्री पिलांजवळ कोणास येऊं देत नाहीं, यास्तव हें काम वडील माणसाबरोबर आणि दुरूनच करावें. पंधरा दिवस जें मूल ही चाकरी चुकवीत नाहीं, त्याच्या हातीं पिलूं द्यावयास हरकत नाहीं. जें तिसऱ्याच दिवशीं विसरतें, त्यास अजून वर्षभर थांबवावें.

दुसरा धडा अन्नाचा. मोठें कुत्रें शिळ्या भाकरीवर कसेंबसें दिवस काढील. वाढतें पिलूं काढूं शकत नाहीं. त्यास मऊ भात, त्यांत बिनतिखट व बिनफोडणीचें वरण, उकडलेलें अंडें, किंवा कांटे काढलेली उकडलेली ताजी मासळी असें कांहीं मिसळून द्यावें. गाईम्हशीचें निरसें दूध भरपूर पाजलें म्हणजे पिलूं बाळसें धरितें ही समजूत खरी नाहीं. पुष्कळदां त्यानें हगवण लागते. दोन-तीन महिन्यांच्या पिलास दिवसांतून चार वेळां, त्यापुढें सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां आणि नंतर दोन वेळां अन्न पुरे होतें. पाणी मात्र अष्टौप्रहर भरलेलें पाहिजे. कांदा व लसूण यांनीं कुत्र्याचें रक्त बिघडतें, द्राक्षें व मनुका यांनीं मूत्रपिंडें निकामी होतात, आणि चॉकलेट तर त्यास विषच होय. खारवलेली सुकी मासळी व शिजविलेलीं कोंबडीचीं हाडें देऊं नयेत. अशीं हाडें फुटून त्यांच्या अणकुचीदार कपच्या आंतड्यांत रुततात. बकरें कापल्यावर कच्चें कलेज, फुप्फुस कुत्र्यापुढें टाकण्याची रीत आहे, तीही बंद करावी. त्यांतून कुत्र्याच्या पोटांत एक जातीची पट्टकृमि वाढते, आणि तिचीं अंडीं माणसाच्या पोटांत गेलीं म्हणजे यकृतांत पाण्याचीं गळवें होतात.

चार वेळांचा हिशेब मांडला म्हणजे एक गोष्ट आपोआप उघड होते. मूल शाळेस जाण्यापूर्वीं, शाळेंतून आल्यावर आणि निजण्यापूर्वीं असें तीनदां अन्न घालूं शकेल. दुपारची वेळ घरच्या बाईमाणसाच्या वा आजोबांच्याच वांट्यास येणार. तेव्हां पिलूं घरांत येण्यापूर्वीं घरच्या सर्व माणसांनीं एकत्र बसून होय कीं नाहीं तें ठरवावें. मुलाच्या हौसेचा भार न विचारतां त्याच्या आईच्या डोक्यावर टाकणें हें जबाबदारी शिकविणें नव्हे.

तिसरा धडा आरोग्याचा. बहुतेक पिलांच्या पोटांत जंत असतात; कांहीं आईच्या पोटांतूनच येतात, कांहीं दुधावाटे. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून तीन महिने होईपर्यंत दर पंधरवड्यास, व पुढें सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंताचें औषध देतात. औषधाचें प्रमाण वजनावर असल्यामुळें पिलूं पिशवींत घालून तराजूवर तोलावें लागतें, आणि हें काम मुलें मोठ्या आवडीनें करितात. हेच जंत लहान मुलांसही बाधतात. यास्तव पिलास हात लावल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून जेवावयास बसूं नये, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांची लस सुरू होते, आणि तीन महिन्यांचें झालें म्हणजे रेबीजची लस टोंचावी लागते. तिचा दुसरा डोस पशुवैद्य सांगतील तेव्हां आणि त्यापुढें दरवर्षीं द्यावा. भातखाचरांत वावरणाऱ्या कुत्र्यास लेप्टोस्पायरोसिसची लसही देववावी. हा रोग उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून पसरतो, कुत्र्यांसही होतो, आणि पावसाळ्यांत अनवाणी खाचरांत उतरणाऱ्या माणसांसही सोडीत नाहीं.

या सर्व तारखा तोंडीं राहणें शक्य नाहीं. यास्तव आमची सूचना अशी कीं, मुलास एक वही करून द्यावी व तींत पांच रकाने आंखून द्यावे: तारीख, वजन, दिलेलें औषध वा लस, पुढची तारीख, आणि शेरा. जें पिकांसाठीं पाहणीपत्रक, तें पिलासाठीं ही वही. दर अमावास्येस व पौर्णिमेस आजोबांनीं ती तपासून सही करावी. सही होते म्हटल्यावर मूल ती कामें सहसा चुकवीत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. आणि पशुवैद्यापुढें ती वही ठेवली म्हणजे त्याचेंही अर्धें काम होतें. जें मूल आज पिलाची वही ठेवितें, तें उद्यां गाईच्या फळण्याची व विण्याची वही ठेवील.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः लेखणी हातीं धरिली ती सांगतों. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या घरीं नऊ वर्षांच्या मुलानें पिलूं पाळलें होतें. तीन महिने होत आले तरी लस राहून गेली होती. एके संध्याकाळीं पिलूं बाहेरच्या कुत्र्यांच्या भांडणांत सांपडून आलें, आणि दोन दिवसांनीं मूल त्यास उचलावयास गेलें असतां त्याच्या उजव्या बोटांस दांत लागून रक्त आलें. मुलानें बोटांस चिंधी गुंडाळली आणि कोणास कांहीं सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं रात्रीं पोर डाव्या हातानें जेवीत आहे हें आजोबांनीं पाहिलें.

"हात दाखव पाहूं," आजोबा म्हणाले.

पोर रडूं लागलें. "आजोबा, सांगितलं तर तुम्ही त्याला टाकून याल."

आजोबांनीं आवाज चढविला नाहीं. ते म्हणाले, "बाळा, सांगितल्याबद्दल त्याला कोणी टाकणार नाही. पण लपवलंस तर तू आम्हांला राहणार नाहीस." त्यांनीं मुलास मोरीवर नेऊन जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें घड्याळ लावून पंधरा मिनिटें धुतली, आणि रात्रींच त्यास सरकारी रुग्णालयांत नेलें. तेथें लस सुरू झाली व जखमेभोंवतीं सीरमही टोंचलें गेलें. पिलूं दहा दिवस गोठ्यांत बांधून नजरेखालीं ठेविलें. सुदैवानें तें धडधाकट राहिलें, आणि मुलाचीही भीति टळली.

वाचकांनीं या हकीकतीचें सार नीट ध्यानांत घ्यावें. त्या मुलानें चावा लपविला तो खोडसाळपणानें नव्हे. पिलावरील मायेमुळें लपविला. आपण घरांत "चावलं तर टाकून देईन" अशी धमकी देत असतों, आणि ती धमकीच मुलाच्या जिवावर उठते. रेबीजची लक्षणें बहुधा एक ते तीन महिन्यांत, कधीं आठवड्याभरांत तर कधीं वर्षानंतरही दिसतात. आणि एकदां लक्षणें दिसलीं म्हणजे त्या रोगांतून मनुष्य जवळजवळ कधींच वांचत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें जगांत दरवर्षीं सुमारें ५९,००० माणसें या रोगानें मरतात, माणसांतील ९९ टक्के प्रसंगीं तो कुत्र्यापासून येतो, आणि संशयित जनावरानें चावा घेतलेल्यांपैकीं ४० टक्के मुलें पंधरा वर्षांखालील असतात. म्हणून पिलूं घरांत येतें त्याच दिवशीं मुलास वचन द्यावें: चावा अथवा ओरखडा सांगितलास तर शिक्षा नाहीं, आणि पिलासही घालविणार नाहीं. हें वचन मोडूं नये.

जखमेवर चुना, तिखट, तेल वा पाला लावूं नये आणि मंत्र्याकडे जाण्यांत वेळ दवडूं नये. पिलूं लहान आहे, घरचें आहे, म्हणून त्यास रेबीज होत नाहीं असें नाहीं. ६ जुलै १८८५ रोजीं फ्रान्समध्यें लुई पाश्चर यांनीं आपली लस प्रथम ज्यास दिली तो जोसेफ मायस्टर हाही नऊच वर्षांचा मुलगा होता, आणि तो वांचला. आपल्याकडील वडील माणसांस पोटांत टोंचावयाच्या चौदा सुयांची धास्ती अजून आठवते. ती जुन्या पद्धतीची लस आपल्या देशांत २००५ च्या सुमारास बंद झाली. हल्लीं लस दंडांत पहिल्या, व त्यानंतर ३ऱ्या, ७व्या, १४व्या आणि २८व्या दिवशीं देतात, किंवा त्वचेंत थोडी थोडी देतात. सरकारी रुग्णालयांत तिचा दाम पडत नाहीं. उशीर झाला तरी लस घ्यावी, आणि सुरू केलेली सोडावयाची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

चौथा धडा शिस्तीचा. पिलूं सर्व वस्तूंस दांत लावून पाहतें. मूलही लहानपणीं तेंच करितें. त्यास मारूं नये. दांत लागतांच खेळ थांबवून पाठ फिरवावी, आणि शांत झाल्यावर पुन्हां जवळ घ्यावें. जेवणाऱ्या, निजलेल्या वा हाड चघळणाऱ्या पिलास डिवचूं नये, त्याची शेपटी ओढूं नये, हा पाठ मुलास द्यावा. सात-आठ वर्षांखालील मुलास पिलापाशीं एकटें सोडूंच नये. कोंबड्यांवर झेप घेण्याची खोड पहिल्याच महिन्यांत मोडावी. पुढें ती मोडत नाहीं. दिवसभर आंखूड सांखळीनें बांधलेलें कुत्रें राखणदार होत नाहीं, चिडखोर होतें. पावसाळ्यांत त्यास गोठ्याच्या उंच कट्ट्यावर कोरडें गोणपाट मिळावें, आणि दर दोन दिवसांनीं मुलानें कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावी.

आपल्या भागाचे कांहीं खास धोकेही आहेत. उंदरांसाठीं कणगीजवळ व बांधावर ठेवलेलें झिंक फॉस्फाइडाचें आमिष पिलानें खाल्लें, किंवा त्यानें मेलेला उंदीर खाल्ला, तर तें दगावतें. आमिष मांडावयाचे दिवस मुलास आधीं सांगावे, म्हणजे तें पिलूं बांधून ठेवील. माथेरानच्या डोंगराखालील व भीमाशंकर अभयारण्यास लागून असलेल्या गांवांत बिबट्याचा वावर आहे, आणि कुत्रें हें त्याचें आवडतें भक्ष्य. म्हणून पिलूं रात्रीं पडवींत नव्हे, बंद दाराआड निजवावें. तसेंच भेकर वा सशामागें कुत्रें सोडणें हा खेळ नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीस बंदी आहे.

शेवटचा धडा काळाचा आहे. नीट सांभाळलेलें कुत्रें दहा ते चौदा वर्षें जगतें. आज नऊ वर्षांचें मूल त्या वेळीं वीस-बावीस वर्षांचें होऊन पनवेलीस वा पुण्यास शिकत असेल, नोकरीवर असेल. म्हाताऱ्या कुत्र्यास तेव्हां कोण पाहील, याचें उत्तर आजच द्यावें लागतें. पिलांतील नर उचलून नेण्याची व माद्या ओढ्याकांठीं सोडून येण्याची वाईट चाल आहे. मादीही तितकीच चांगली राखण करिते; सहा महिन्यांनंतर पशुवैद्याकडून तिचें निर्बीजीकरण करून घेतलें म्हणजे वर्षांतून दोनदां पिलांचा प्रश्न उरत नाहीं. उपासमार होईल अशा रीतीनें जनावर सोडून देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. शिवाय सोडून दिलेलें कुत्रें नाहींसें होत नाहीं. तें शेजारच्या गांवांत जातें, आणि तेथील मुलांस चावतें.

असो. आमच्या कृषीवल बंधूंस विनंति इतकीच कीं, यंदा खळ्यावरून पिलूं घरीं आलें तर रागावूंही नये व हंसण्यावारीही नेऊं नये. वही करून द्यावी, वचन द्यावें, आणि लशीची तारीख विचारावी. पाश्चर यांच्या पुण्यतिथीचा २८ सप्टेंबर हा दिवस जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो, आणि कुत्र्यांपासून माणसांस होणारा रेबीज २०३० पर्यंत नाहींसा करण्याचा आराखडा आपल्या केंद्र सरकारनेंही २०२१ सालीं त्याच दिवशीं जाहीर केला. गांवांतील दहा-पंधरा घरांनीं मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यास अगाऊ कळविलें आणि त्या सुमारास सर्व कुत्रीं एका दिवशीं एका झाडाखालीं आणून टोंचून घेतलीं, तर खर्च थोडा आणि लाभ सगळ्या गांवाचा. कुत्र्याचा पट्टा धरून रांगेंत उभें राहण्याचें काम मुलांस द्यावें. तें त्यांना चांगलें जमेल.